कडेची चमक

४ डिसेंबर २०२२, रविवार

ही डायरी नातीच्या, म्हणजे उजमाच्या, क्लासवाल्यांनी फुकट वाटलेली. तिला सगळं मोबाईलात लिहायची सवय, म्हणून माझ्याकडं आली. दर पानाच्या खाली दोन रकाने छापलेत: ‘आजचे अभ्यासाचे तास’ आणि ‘आजची चूक’. लातूरच्या शिकवण्यांची कमाल हाय. पोरांना चुकाबी रोजच्या रोज लिहायला लावतात.

माझी शाळा चौथीत सुटली, तीबी उर्दू. मराठी मी रद्दीवर शिकलो. खारी बांधायला पेपर फाडायचा आणि फाडायच्या आधी वाचायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मकसूदभाई, बातमी संपली असंल तर खारी द्या. आता अडुसष्ट वय झालं, लाकडाची भट्टी अजून मीच सांभाळतो.

आजचे अभ्यासाचे तास: शून्य.
आजची चूक: चहात दोनदा साखर घातली. बायको, खातूनबी, म्हणाली, “एवढं गोड बोलायला शिकला असता तर बरं झालं असतं.” चाळीस वर्षं हीच बाई माझी परीक्षा घेऊन राहिली.

६ डिसेंबर, मंगळवार

दुपारी बेकरीमागच्या खोलीत पोरांचं भांडण. मला वाटलं अभ्यासावरून असंल. भांडण होतं पिझ्झ्यावर.

पाचजण आहेत. आमची उजमा. तिच्यासोबत माडीवर राहणारी शिल्पा, शिरूर अनंतपाळकडची, लिंगायताची पोर. चाकूरचा हरिओम, नांदेडचा फैजान, धर्माबादची सिंधु. सगळे बारावीला, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. रविवारी मोठी टेस्ट, ती झाली की एक मोठा पिझ्झा मागवायचा ठरलं. त्यावर काय घालायचं इथं गाडी अडली.

“अननस? पिझ्झ्यावर?” फैजान ओरडला. “अरे फळ हाय ते, शिकरणीत घाल!”

“तू कोंबडी घालतो ते चालतंय, मी अननस घातला की गुन्हा?” हरिओम म्हणाला.

सिंधु म्हणाली, “आमच्या धर्माबादची लाल मिरची टाका वरून. मग खाली काय हाय ते कुणाला कळणारच न्हाई.”

“मला नुसतं चीज. वर काहीच नको,” आमची उजमा.

“मग पाव खा की! पुढंच तुझ्या दादांची बेकरी हाय,” फैजान म्हणाला.

सगळे हसले. शिल्पा तेवढी वही मिटून बसली होती. मग म्हणाली, “तुम्ही मागवा. अर्ध्यावर कोंबडी, अर्ध्यावर भाजी, एकाच डब्यात येतंय ते. मी भेळ खाते.”

मी हातातलं पोतं खाली ठेवलं. माझ्या छपराखाली चौघं एका ताटाला आणि पाचवी भेळ खाणार? म्हणालो, “रविवारी मागवायचं न्हाई. पिझ्झा मी करतो. एकाचे पाच वाटे केले की पाचजण भांडतात. पाच वेगळे करतो. ज्याला जे पाहिजे ते.”

“तुम्हाला येतो पिझ्झा?” फैजान.

“पोरा, तुझ्या अब्बाच्या जन्माआधीपासून मी पीठ मळून राहिलो. वर चीज टाकायला काय कॉलेज लागतंय?”

शिल्पा हळूच म्हणाली, “मकसूद आजोबा, पिठात अंडं...”

मी म्हणालो, “तुझ्या आजीला फोन लाव. विचार, मकसूदच्या पावात काय असतं.”

आजची चूक: पोरांपुढं जरा जास्त फुशारलो. पण बोललो ते खरंच.

७ डिसेंबर, बुधवार

काल आजीचं नाव निघालं म्हणून जुनी गोष्ट डोक्यात फिरत राहिली. लिहून ठेवतो.

भूकंपाच्या साली माझी भट्टी अकरा दिवस विझली नव्हती. पाव भाजायचा, जीपमध्ये भरायचा, पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन वाटायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका शेडमध्ये बायांनी पाव हातात घेऊन तसाच धरलेला. पावात अंडं असतं असं कुणीतरी बोललेलं. एक बाई, कमलम्मा, घरातली चार माणसं दगडाखाली गेलेली, एकटा मुलगा उरलेला. बारा वर्षांचा भीमा. पोरगं पावाकडं बघत होतं आणि आईनं त्याचा हात धरून ठेवला होता.

मी पिठानं भरलेला हात वर केला. म्हणालो, “बाई, माझ्या पावात अंडं न्हाई. या हाताची शपथ.”

तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि एकच शब्द विचारला. “उद्या?”

“उद्याबी न्हाई.”

मग तिनं भीमाचा हात सोडला.

तो भीमा म्हणजे शिल्पाचा बाप. पोरीला लातुरात ठेवायची वेळ आली तेव्हा चांगली चांगली हॉस्टेलं बघून झाली, शेवटी कमलम्मा म्हणाली, मकसूदभाईच्या माडीवर ठेवा. शिल्पाचा डबा जंगमाच्या खानावळीतून येतो, पण पाव, खारी, टोस्ट आमचा. बेकरीचं म्हणून ती पोर दुसऱ्या कुणाचं काही तोंडात घालत न्हाई. एवढा मान मला लातूरच्या दुसऱ्या कुठल्या माणसानं दिला न्हाई.

८ डिसेंबर, गुरुवार

पिझ्झा करून बघितला. पहिला करपला. दुसरा जमला, पण कडा फिक्या, आजाऱ्याच्या तोंडासारख्या. खातूनबीनं चाखला. “रोटीपर का सालन सूख गया वैसा लगता जी.” म्हणजे आवडला. दोन तुकडे खाल्ले तिनं.

११ डिसेंबर, रविवार

आज मी पिझ्झा केला. पाच. लातूरच्या माझ्या भट्टीत, लाकडाच्या आगीवर.

सगळं व्यवस्थित केलं. चिकनची ताटली वेगळी, ती खातूनबीनं घरातच शिजवून दिली, बाकीचे भाजून होईपर्यंत भट्टीजवळ आणलीच न्हाई. चिकनची सुरी वेगळी, तिला लाल दोरा. शिल्पासाठी भाजायचा पत्राबी नवा कोरा, बाजारातून आणून धुतलेला. तिच्या पिझ्झ्यावर मका आणि ढोबळी मिरची, कांदा-लसूण न्हाई. पोरांची नावं खडूनं भिंतीवर लिहिली आणि त्याच क्रमानं आत सारले, चिकनवाला सगळ्यात शेवटी, एकटा. सारायच्या आधी कडांवरून पॅटिससारखा हलका ब्रश फिरवला आणि काय सांगू, बाहेर काढले तेव्हा कडा आरशासारख्या चमकत होत्या. गल्लीतला अण्णाराव सायकलवरून उतरून बघत उभा राहिला.

पोरं टेस्ट देऊन उपाशी आलेली. फैजाननं पहिला घास घेतला आणि गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे समजा. सिंधुच्या मिरचीनं दोघांच्या डोळ्यांत पाणी. उजमानं नुसत्या चीजचा फोटो काढला. हरिओमनं आपला अननसवाला शिल्पासमोर धरला, म्हणाला, “घे, याच्यातबी कांदा न्हाई. मी सांगूनच ठेवलं होतं. माझा गुरुवार असतो.” आज रविवार. पोरं अभ्यासात वारसुद्धा विसरतात. भाविक पोरगा हाय.

शिल्पानं त्यातला अर्धा घेतला, स्वतःचा सगळा खाल्ला. मग बाहेर जाऊन आजीला फोन लावला. मला ऐकू आलं: “आजी, पिझ्झा! हाव, मकसूद आजोबांनी केला. लई भारी झालता. कडापण सोडल्या न्हाई मी.”

सगळे गेल्यावर पत्र्यावर अननसाचा एक तुकडा उरला होता. मी खाल्ला. चांगला लागतो. हे खातूनबीला कळता कामा नये, मी सहा तारखेपासून हरिओमला हसून राहिलोय.

आजची चूक: काही न्हाई. रकान्यात आडवी रेघ मारली.

१२ डिसेंबर, सोमवार

तीनजण विचारून गेले, पिझ्झा कधी करणार. एकजण तर उदगीर रोडवरून आला होता.

१४ डिसेंबर, बुधवार

सकाळी पॅटिसचा पत्रा समोर घेतला. वाटीत अंडी फोडली, फेटली, ब्रश बुडवला, पहिल्या पॅटिसवर फिरवला. आणि हात थांबला.

रविवारचा ब्रश.

त्या दिवशी वाटी नेहमीच्या जागी होती, सकाळच्या पॅटिसची उरलेली. मी बघितलंसुद्धा न्हाई. चाळीस वर्षं काहीबी भट्टीत घालायच्या आधी पाव, खारी, टोस्ट सोडून सगळ्यावर हा हात फिरतो, तसा फिरला. नवा पत्रा आणला, सुरीला दोरा बांधला, भिंतीवर नावं लिहिली, आणि शेवटी स्वतःच्या हातानं पाचहीजणांच्या कडेला अंडं लावलं.

त्या पॅटिसांना आज उशीर झाला. मी पोत्यावर बसून राहिलो.

रविवारचं पान उघडलं. रेघ खोडली. तिथं लिहिलं: अंडं.

१५ डिसेंबर, गुरुवार

खातूनबीला सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

“किसकू मालूम?”

“मला मालूम.”

“फिर कायकू उकर रहे जी? पोरीला काही झालं न्हाई. चार महिन्यावर परीक्षा. आता सांगितलं तर भीमा तिला घेऊन जाईल. खोली कुठं मिळणार मधेच? आपल्या उजमाची सोबत जाईल. दोघींचं वाटोळं करायचं, आणि कशासाठी? तुमच्या मनाला बरं वाटायला?”

भाकरी करपली.

१७ डिसेंबर, शनिवार

उजमाला खातूनबीकडून कळलं. ती माझ्याशी मोठ्यानं कधी बोलत न्हाई, आज बोलली. “दादा, मे महिन्यापर्यंत थांबा ना! नीटची परीक्षा झाल्यावर सांगा. शिल्पाला फिजिक्स मीच समजावते, मला बायो ती समजावते. ती गेली तर मी गेले.”

“बेटा, तवर ती रोज माझा पाव खाणार.”

“पावात अंडं नसतंच की!”

“नसतं. पण मी न्हाई म्हणालो म्हणून ती खाते. आता माझ्या ‘न्हाई’ला काय किंमत?”

उजमा रडत माडीवर गेली. थोड्या वेळानं जिन्यावरून शिल्पाचा आवाज आला, “काय झालं उजमे? मार्क कमी आले का? येतील गं.” ती हिला समजावत होती.

२० डिसेंबर, मंगळवार

काही लिहावंसं वाटत न्हाई. शिल्पानं सकाळी टोस्ट मागितला. दिला. पैसे घेतले न्हाई तर म्हणाली, “का हो आजोबा?” मी म्हणालो सुट्टे न्हाईत.

आजची चूक: सुट्टे होते.

२२ डिसेंबर, गुरुवार

उद्या येळवस, वेळ अमावास्येची शेतातली पूजा. शिल्पा संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली. जाताना म्हणाली, “आजोबा, बाबांनी सांगितलंय, तुम्ही यायचंच.” दरवर्षी जातो मी. यंदा येळवशीची भज्जी खायला न्हाई, सांगायला जाणार. कमलम्मानं विश्वास ठेवला, तिलाच सांगायचं. ठरलं.

खातूनबीनं कुडत्याला इस्त्री करून ठेवली.

२३ डिसेंबर, शुक्रवार

रात्री उशिरा परतलो. हात थकलाय, पण आज लिहायलाच पाहिजे.

जुम्म्याची नमाज वाटेतल्या मशिदीत पढून शेतात पोचलो. ज्वारी कमरेएवढी. बांधाजवळ कडब्याची कोप म्हणजे खोपटी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव, पुढं आंबिलीचा माठ. पूजा झालेली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला भीमा हाका मारून बोलावत होता, ओळख असो नसो. मला बघून कमलम्मा उठली. “बर्री, बर्री, मकसूदभाई! या, बसा, वाढते.”

मी बसलो न्हाई. म्हणालो, “कमलम्मा, जेवायच्या आधी एक सांगायचंय.”

उभ्याउभ्याच सांगितलं. ब्रश, वाटी, कडा, सगळं. मधे काही वगळलं न्हाई. भीमाच्या हातातली पळी तशीच राहिली. कमलम्मा माझ्या हाताकडं बघत होती, शेडमध्ये बघितलं होतं तसंच.

मग तिनं विचारलं, “शिल्पाला सांगितलं?”

“न्हाई. आधी तुम्हाला. शब्द तुम्हाला दिला होता.”

“चुकलात,” कमलम्मा म्हणाली. “शब्द मला दिला, पण खाल्लं तिनं. आधी तिला सांगायचं. पोर हाय म्हणून काय झालं?”

नऊ दिवस मी या गोष्टीचा कीस पाडला. माझा हात, माझी जबान, कमलम्माचा विश्वास. त्या पोरीला तोंडानं सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं न्हाई. रोज समोरून जिना चढत होती.

शिल्पा हरभऱ्याच्या वाफ्यात डहाळे उपटत होती. तिच्याजवळ जाऊन परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

तिनं आणखी दोन डहाळे उपटले. मग म्हणाली, “मला तो आवडला होता आजोबा. त्याचाच राग येऊन राहिलाय. कडा सोडल्या असत्या तरी...” आणि डहाळे तिथंच टाकून लांबच्या बांधाकडं निघून गेली.

भीमा माझ्याजवळ आला. “चाचा, तुम्ही मुद्दाम केलं न्हाई हे मला कळतंय. पण चार महिन्यांसाठी दुसरी खोली बघतो. नाराज होऊ नका.” मी म्हणालो, बरोबर हाय.

निघायला लागलो तर कमलम्मानं वाट अडवली. “येळवशीच्या दिवशी शेतातून उपाशी कोण जातंय? बसा गप.” बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, सगळं वाढलं. दरवर्षीएवढंच. ती समोर बसून बघत होती, म्हणून ताट पुसून खाल्लं.

आजची चूक: कमलम्मानं सांगितली ती.

२४ डिसेंबर, शनिवार

माडीवर शिल्पाची बॅग, पुस्तकं तशीच. उजमा त्यांच्याकडं पाठ करून बसते. हरिओम दोनदा विचारून गेला, “शिल्पा कधी येणार? तिच्याकडं माझी वही हाय.” वही त्याच्याच काखेत होती. पोरं फार ताणाखाली आहेत.

भट्टीवर गेलो तर ब्रश न्हाई, अंड्याची वाटी न्हाई. खातूनबीनं दोन्ही दुसऱ्या खोलीत, पॅटिसच्या ओट्यावर नेऊन ठेवलेत, आणि दाराला पडदा लावलाय.

२६ डिसेंबर, सोमवार

दुपारी मोटरसायकल थांबली. भीमा आणि शिल्पा. मला वाटलं सामान न्यायला आले. भीमानं हातातली पितळेची किटली ओट्यावर ठेवली, झाकणाला फडकं बांधलेलं.

“दोन दिवस घरात बोलणं न्हाई,” भीमा म्हणाला. “मी खोली बघितली, हिनं न्हाई म्हटलं. आई म्हणाली, ज्यानं न विचारता सांगितलं त्याच्याकडंच ठेव. दुसरीकडं चुका होत नसतील का? सांगायला कोण येणार?”

शिल्पा पुढं आली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा. “आमच्या म्हशीचं दूध हाय. कडेला हे लावायचं, आजीनं सांगितलंय. ब्रश मी आणलाय. तो माझ्याकडं माडीवर राहणार, पाहिजे तेव्हा मागायचा. आणि आजीनं एक विचारायला सांगितलंय.”

“काय?”

“म्हणाली, फक्त एवढंच विचार. ‘उद्या?’”

भीमा दुसरीकडं बघायला लागला. मला वाटतं त्यालाबी ते शेड आठवलं.

माझा हात पिठानं भरलेलाच होता. वर केला. “उद्याबी न्हाई. आणि चुकून झालं, तर त्याच दिवशी सांगीन, तुला.”

शिल्पा म्हणाली, “चालेल.” आणि माडीवर पळाली. वरून उजमाची किंकाळी आली. खातूनबी पदरानं नाक पुसत म्हणाली, “कांदा कापतेय मी.” पुढ्यात मेथी होती.

१ जानेवारी २०२३, रविवार

पुन्हा पाच पिझ्झे. पुन्हा तेच भांडण, अननसावरूनच. सिंधुनं या वेळी घरून पिशवीभर मिरची आणली, फैजाननं हात जोडले.

दुधाचा ब्रश शिल्पानं स्वतः फिरवला, पाचहीजणांच्या कडांवर. हरिओम शेजारी वाटी धरून उभा. मी लांब, हात पाठीमागं बांधून. भट्टीपुढं असा रिकामा उभा राहायची आयुष्यातली पहिलीच वेळ.

बाहेर काढले तेव्हा अण्णाराव परत सायकलवरून उतरला. “मकसूदभाई, मागच्या खेपेसारखी चमक न्हाई राव!”

“न्हाई,” मी म्हणालो. “आता एवढीच येणार.” आणि एवढ्या मोठ्यानं म्हणालो की रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यानंसुद्धा मान वळवली.

शिल्पानं फोन लावला. “आजी, लई भारी. हाव, कडापण खाल्ल्या.”

अननसाचा तुकडा मी सगळ्यांसमोर खाल्ला. खातूनबी म्हणाली, “मालूम था मेरेकू.”

आजचे अभ्यासाचे तास: दोन, भट्टीपुढं उभं राहून.
आजची चूक: रेघ मारत न्हाई. जागा कोरी ठेवतो. मला कळायला तीन दिवस लागतात.